दोन्ही बाजूंनी हिरवा

मी एक जुना फळा आहे. अहो, लगेच तोंडं वाकडी करू नका मित्रांनो, मी शाळेतला नाही! माझ्यावर कोणी गणितं घातली नाहीत की ‘शांतता राखा’ असं लिहिलं नाही. शांतता राखणं मला जमलंही नसतं. मी एका धुलाई कारखान्याच्या भिंतीवर लटकतो आणि माझ्या अंगावर पत्र्याच्या शंभरावर चकत्या आहेत. समोर यंत्रं सुरू झाली की भिंत थरथरते, भिंत थरथरली की मी थरथरतो, आणि मी थरथरलो की त्या सगळ्या चकत्या किणकिणत सुटतात. पहिल्या भोंग्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. मधली सात वर्षं मात्र मला जबरदस्तीनं गप्प बसवलं होतं. त्या सात वर्षांत जीव नुसता घुसमटला माझा, आणि एका भल्या माणसाची नोकरी जाता जाता राहिली. तेच सांगायचंय. कधीपासून सांगायचंय!

आधी मी एका कपाटाचं दार होतो. कपाट मोडीत निघालं आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. एक दिवस कारखान्याच्या पहिल्या मुकादमांनी मला उचललं आणि सुतारापुढे ठेवलं. सुतार कानाला पेन्सिल खोचून म्हणाला, “याचं काय करू? स्टूल?”

“स्टूल नको. याच्यावर सोळा ओळी आणि सात रकाने आखा,” मुकादम म्हणाले. “प्रत्येक घरात चकती अडकवायला एक आकडा ठोका. चकत्या मी आणतो.”

त्या चकत्या म्हणजे डब्यांच्या पत्र्याचे गोल तुकडे. एका बाजूला लाल रंग, दुसऱ्या बाजूला हिरवा. डावीकडे कामगारांची नावं, वर कामांची: निवड, धुलाई, पिळणी, वाळवणी, इस्त्री, घडी, गाडी. ज्याला जे काम येतं तिथे हिरवी बाजू, ज्याला शिकायचंय तिथे लाल. बस्स, एवढंच. लांबून नुसतं बघितलं तरी कळावं, कोणाला काय शिकवायला हवंय.

आमच्याकडे दवाखान्यांचे कपडे येतात. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, नुकत्या जन्मलेल्या बाळांची दुपटी. ते कपडे आजारी माणसांच्या अंगाला लागतात, म्हणून चुकून चालत नाही. पहिले मुकादम कोणाला ‘येतं का?’ असं विचारायचेच नाहीत. ते म्हणायचे, “विचारलं की माणूस हो म्हणतो. मीही म्हणेन.” ते सरळ त्या माणसाशेजारी जाऊन उभे राहायचे. अर्धा दिवस! हात मागे बांधून, एक शब्द न बोलता. मग म्हणायचे, “आता हेच मला शिकव.” समोरच्यानं नीट शिकवलं, की माझ्याजवळ येऊन टक्कन चकती उलटी करायचे. ती टक्क ऐकली की सगळा कारखाना मान वर करायचा.

आणि गंमत सांगू? सगळ्यात वरची ओळ त्यांची स्वतःची होती, आणि त्यांच्या इस्त्रीच्या घरात चकती लाल! बावीस वर्षं लाल. त्यांनी एकदा डॉक्टरांच्या डगल्याची पाठ जाळली होती, तेव्हापासून त्यांना इस्त्रीपाशी कोणी उभं करत नसे. लोक चिडवायचे, “मुकादम, या वर्षी तरी हिरवे होणार का?” ते हसून म्हणायचे, “माझं लाल दिसतंय म्हणून तुम्ही तुमचं दाखवताय. राहू द्या.” मला तेव्हा वाटायचं, हा माणूस थट्टेवारी नेतोय. आता कळतं, केवढं शहाणपण होतं ते!

चौथ्या ओळीत काकांचं नाव होतं. कारखान्यात आले तेव्हा ते काका नव्हते, पंचविशीतला धट्टाकट्टा माणूस होते. काका ते पुढे झाले, धुलाईतच केस पिकल्यावर. धुलाई म्हणजे काका आणि काका म्हणजे धुलाई. पाण्यात बोट घालून सांगायचे साबण किती सुटलाय ते. ओला कपडा नाकाशी नेऊन सांगायचे औषध उतरलंय की नाही. रोज सकाळी आत आल्यावर आधी माझ्यापाशी यायचे, वरून बोटानं मोजायचे, एक, दोन, तीन, चार, आणि चौथ्या ओळीवर हात टेकवून तो कपाळाला लावायचे. मग कामाला. माझ्या लाकडाला त्या बोटाची ओळख झाली होती.

आणि एक गोष्ट मला ठाऊक होती, जी कारखान्यात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती. माझ्या शेजारी सूचनेचा कागद चिकटला की काका त्याच्यासमोर उभे राहायचे, मान हलवायचे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायचे, “वाच रे जरा, चष्मा घरी राहिला.” मित्रांनो, पंचविशीतल्या माणसाचा चष्मा रोज घरी राहतो, आणि तो चष्मा एकोणतीस वर्षांत कोणी एकदाही पाहिलेला नाही! काकांना अक्षरओळख नव्हती. सही तेवढी यायची, तीही चित्र पाठ करावं तशी पाठ केलेली. स्वतःचं नावसुद्धा ते जागेवरून ओळखायचे: चौथी ओळ.

तेव्हा त्यानं काही अडत नव्हतं. पहिले मुकादम हाताचं काम बघायचे, आणि काकांच्या हाताला तोड नव्हती.

पहिले मुकादम निवृत्त झाले आणि दुसरे आले. वाईट माणूस नव्हता तो, उगाच कशाला खोटं बोलू? पण सदा घाबरलेला. आल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मुकादमाचं नाव या यादीत कशाला? लाल दिसलं तर माझं कोण ऐकेल?” वरची ओळ पुसली गेली.

मग एका मोठ्या दवाखान्याची माणसं काम देण्याआधी कारखाना बघायला येणार असं ठरलं. मुकादमांची धावपळ उडाली. फरशा घासल्या, भिंती रंगवल्या, आणि मग नजर माझ्यावर पडली. माझ्या अंगावर तेव्हा एकतीस लाल चकत्या होत्या.

“हे लाल काय दिसतंय? पाहुण्यांना वाटेल इथे कोणाला काही येत नाही,” ते रंगाऱ्याला म्हणाले. “सगळं हिरवं कर.”

रंगारी म्हणाला, “उलट्या करून ठेवतो की.”

“वाऱ्यानं फिरल्या तर? दोन्ही बाजूंनी रंगव.”

ऐकलंत ना? दोन्ही बाजूंनी! रंगाऱ्यानं एकशे बाराच्या एकशे बारा चकत्या उलट्यासुलट्या फिरवत पुढून-मागून हिरव्या केल्या. ब्रश असा भरभरून फिरवला, की रंग आकड्यांवर ओघळून वाळला आणि चकत्या जागच्या जागी चिकटून बसल्या. नावंही नव्यानं लिहिली, सगळ्यात जुना माणूस वर, नवा खाली. पाहुणे आले, खूश झाले, काम मिळालं. माझ्याजवळ उभं राहून फोटोसुद्धा काढला त्यांनी. एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि मला मात्र अंगावर झुरळ चढल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी यंत्रं सुरू झाली, भिंत थरथरली, मी थरथरलो, आणि आवाजच नाही! एकही चकती हलेना. ओरडायला तोंड उघडावं आणि घशातून काही फुटू नये, तसं झालं. त्याच सकाळी काका आले. एक, दोन, तीन, चार. चौथ्या ओळीवर हात टेकवला, कपाळाला लावला आणि गेले. मित्रांनो, काका आता सगळ्यात जुने होते. त्यांचं नाव वर, पहिल्या ओळीत गेलं होतं. चौथ्या ओळीत गाडीवाल्याचं नाव होतं.

मी काय करू शकत होतो? खिळ्यावर लटकणारं लाकूड मी! रोज ते बोट यायचं, रोज परक्या नावाला टेकायचं, आणि मी रोज आतल्या आत कुरकुरायचो. माझा एक खिळा त्याच काळात सैल झाला. लोक म्हणाले, लाकूड जुनं झालं. जुनं कसलं, अस्वस्थ झालं होतं ते!

सगळे हिरवे म्हटल्यावर शिकवायचं कोणाला? सात वर्षं कोणी कोणाशेजारी उभं राहिलं नाही. नवी माणसं आली ती बघून बघून शिकली, चुकाही बघून बघूनच शिकली. कोणाला काही अडलं तर तो आधी माझ्याकडे बघायचा. तिथे हिरवं. मग मान खाली घालून रेटत राहायचा.

अशात नवं धुलाई यंत्र आलं. चकचकीत, पुढे काचेची पाटी, आणि त्या पाटीवर एकाखाली एक बटणं. प्रत्येक बटणावर अक्षरं. यंत्र बसवायला आलेल्या माणसानं चाळीस मिनिटं भराभर सांगितलं. मुकादम सगळ्यात पुढे उभे राहून “हो हो, समजलं” म्हणत होते. मुकादमांना समजलं म्हटल्यावर मागचे कशाला विचारतात? शेवटी एक कागद फिरला: ‘प्रशिक्षण मिळाले.’ सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनीही आपलं ते पाठ केलेलं चित्र काढलं.

मग काकांनी त्यांच्या पद्धतीनं मार्ग काढला. वरून पहिलं बटण चादरींचं, दुसरं डगल्यांचं, तिसरं बाळांच्या दुपट्यांचं. एक, दोन, तीन. माझ्यावरची ओळ मोजावी तसंच. सात महिने सुरळीत गेले. दुपारच्या पाळीतले दोघं धुलाईवाले, ज्यांना चांगलं लिहिता-वाचता येत होतं, तेही अक्षरं न बघता काकांसारखंच मोजून दाबायला लागले. काका करतात म्हणजे बरोबरच असणार!

आणि एक दिवस यंत्राच्या कंपनीचा माणूस आला, दहा मिनिटं काहीतरी खुडबुड केली, मुकादमांची सही घेतली आणि गेला. त्यानं यादीत एक नवा प्रकार घातला होता: जाड फडकी. फरशी पुसायच्या फडक्यांसाठी. कडक औषध आणि एकदाच खळबळणं. तो प्रकार बसला तिसऱ्या जागी. दुपटी एक घर खाली सरकली.

पहिल्याच दिवशी काका दुपटं नाकाशी धरून थबकले. पुन्हा वास घेतला. मुकादमांकडे गेले. “वास बरोबर येत नाहीये. औषध उतरत नाहीये.”

“काका, यंत्र चुकत नसतं,” मुकादम म्हणाले. “नाकावर धुलाई करायचे दिवस गेले आता.”

समोरच्या टेबलावर घड्या घालणारी ताई होती. तिची बोटं खाजायला लागली. तीही बोलली. मुकादम म्हणाले, “हातमोजे घाल.”

याच दिवसांत कारखान्यात एक नव्या बाई आल्या. लोकांना काय शिकवायला हवं ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. मला केवढा आनंद झाला! वाटलं, आता माझ्याकडे बघतील. त्यांनी पाहिलंही. सगळं हिरवं दिसलं, कौतुकानं मान हलवली आणि पुढे गेल्या. हात असते तर कपाळावर मारून घेतला असता.

बाईंनी मोठ्या हौसेनं एक छापील कागद तयार केला, कडेला वेलबुट्टीसुद्धा काढली. ‘आपल्याला कोणते प्रशिक्षण हवे आहे? योग्य चौकटीत खूण करा.’ घडीच्या टेबलावर, बरोबर माझ्यासमोर, सगळ्यांना बसवलं. मुकादम मागे येरझाऱ्या घालत होते. “पटापट भरा. आणि काहीतरी चांगलं भरा, नाहीतर बाईंना वाटेल तुम्हाला काम येत नाही. ते हसतमुखानं बोलण्याचं बघा, ते बरं आहे.”

जवळजवळ सगळ्यांनी हसतमुखानं बोलण्यावर खूण केली. काका शेवटी बसले होते, गाडीवाल्याला लागून. मला दिसत होतं ना! त्यांची पेन्सिल हवेतच होती. त्यांनी हळूच डावीकडे पाहिलं. गाडीवाल्यानं जिथे खूण केली, तिथेच यांनी केली. मित्रांनो, ज्याला वाचता येत नाही त्याला काय येत नाही ते विचारायला कागद दिला होता. मी खिळ्यावर असा तडफडलो, की भिंतीचा पोपडा पडला.

मग एक पाहुणे व्याख्याते आले आणि वाफेनं घामेजलेल्या माणसांना दोन तास हसायला शिकवून गेले. “रोज सकाळी आरशात बघून स्वतःला हसा,” म्हणाले. ताई नंतर पुटपुटली, “आमची बोटं सोलली, आणि हे म्हणे हसा.”

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, दवाखान्याचं पत्र आलं. बाळांच्या अंगावर पुरळ उठतंय. दुपट्यांत औषध राहतंय. असंच राहिलं तर काम बंद. मालक स्वतः खाली आले. पत्र त्यांच्या हातातच होतं.

“दुपटी कोण धुतं?”

“काका,” मुकादम लगेच म्हणाले. “वय झालंय, साहेब. लक्ष राहत नाही. प्रशिक्षण दिलं होतं, ही बघा सही.”

मालकांनी कागद पाहिला. “शनिवारी ठरवू. बाई, प्रशिक्षण मिळूनही चूक केली असं लिहून द्या. मग त्यांना मोकळं करायला अडचण नाही.”

काका पिळणीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं. हातातलं दुपटं तेवढं घट्ट पिळत राहिले, ते कोरडं झालं तरी.

गुरुवारी संध्याकाळी बाई घडीच्या टेबलावर कागद पसरून बसल्या. लिहायला घेत होत्या, हात पुढे जात नव्हता. काकांनी भरलेला कागद त्यांनी बाहेर काढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “ताई, हे बघा हो. काकांना शिकायचंय काय, तर मोठी गाडी अरुंद जागेत मागे घेणे?”

ताई हसायला लागली. “काका आणि गाडी? सायकलवर बसले तरी डोळे मिटतात ते!” आणि मग ती हसायची थांबली. “मॅडम, एक बोलू? कागदावर इथे कोणी खरं लिहिलेलं नाही. मागे मुकादम उभे होते. तुम्हाला खरंच बघायचं असेल ना, तर विचारू नका. नुसत्या येऊन उभ्या राहा. पहिले मुकादम राहायचे तशा.”

शाब्बास ताई! माझ्या चकत्या हलत असत्या तर मी कारखाना डोक्यावर घेतला असता.

शुक्रवारी बाई सगळ्यांच्या आधी आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. काका आले. रोजच्यासारखे माझ्यापाशी थांबले. एक, दोन, तीन, चार. हात टेकवला, कपाळाला लावला, गेले. बाई पुढे आल्या. चौथ्या ओळीवरचं नाव त्यांनी वाचलं. गाडीवाल्याचं. मग वर पाहिलं, पहिल्या ओळीकडे. काकांचं नाव तिथे होतं. मी श्वास रोखून धरला होता, म्हणजे जो काही माझा श्वास असेल तो.

पण त्यांनी गवगवा केला नाही हो. सरळ धुलाईपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “काका, मला धुलाईतलं काही म्हणजे काही येत नाही. शिकवाल?”

काका गोंधळले. मग हळूहळू खुलले. पाण्यात बोट घालायला लावलं, वास घ्यायला लावला. “हा साबणाचा. हा औषधाचा. हा नाकात टोचतो ना? हा राहता कामा नये.” बाईंनी नाक मुरडलं, दोघंही हसले. मग दुपटी आली. काकांनी ती आत भरली, झाकण लावलं, आणि बोट पाटीवर सरकलं. एक, दोन, तीन.

बाई हळू आवाजात, नुसतं सहज वाचल्यासारखं म्हणाल्या, “जाड फडकी.”

काकांचं बोट हवेत थांबलं. “काय म्हणालात?”

“तिसऱ्यावर जाड फडकी लिहिलंय, काका. दुपटी आता चौथ्यावर आहेत.”

यंत्र गप्प होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. काका कपड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसले. “म्हणजे बाळांच्या अंगाला मीच...” बाई शेजारी खाली बसल्या. मग काकाच बोलले. “एकोणतीस वर्षं झाकलं, बाई. घरी फक्त हिला माहीत आहे. पोरांनासुद्धा नाही.”

“मी कोणाला सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “नाव घालून काही लिहूनही देणार नाही. यंत्राची यादी बदलली आणि कोणालाच कळवली नाही, एवढंच सांगेन. तेही खरंच आहे. बाकीचं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

त्या दिवसाची दुपटी काकांनी तीनदा धुतली.

शनिवारी माझ्यासमोर सगळे जमले. मालक खुर्चीवर, मुकादम त्यांच्या शेजारी. बाईंनी यादीचं सांगितलं. मुकादम म्हणाले, “यादी बदलली तरी वाचून दाबायला काय झालं? सगळे हिरवे आहेत इथे, बघा ना फळ्यावर!”

“दुपारच्या पाळीतही तिसरंच बटण दाबलं जातंय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही दाखवता का मुकादम, दुपटी कशी लावायची?”

मुकादम यंत्रापाशी गेले. पाटीकडे पाहिलं. वाचता येत होतं त्यांना, पण पुढे काय? एक बटण दाबलं, यंत्र पिपाणीसारखं ओरडलं. दुसरं दाबलं, आणखी जोरात ओरडलं. त्यांचे कान लाल झाले.

मालक वैतागले. “म्हणजे कोणालाच येत नाही? मग काढायचं तरी कोणाला?”

तेव्हा काका पुढे आले. यंत्रावरचा साबणाचा थर खरवडायची पत्री त्यांच्या हातात होती. ते माझ्यापाशी आले. मला वाटलं, मी आता खिळ्यावरून निसटतो की काय! त्यांनी वरून मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथ्या ओळीतल्या धुलाईच्या चकतीला पत्री लावली आणि हिरवा रंग खरवडायला लागले. खर्र, खर्र. रंगाचे पापुद्रे उडाले आणि खालून लाल डोकावलं. सात वर्षांनी मला माझा लाल रंग दिसला.

गाडीवाला मागून म्हणाला, “काका, अहो, ती ओळ माझी आहे.”

काका थांबले.

“तुमचं नाव तिथे वर आहे ना, पहिलं,” गाडीवाला म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. त्याला कळलं. सगळ्यांनाच कळलं.

काकांनी वळून पाहिलं. “मला वाचता येत नाही,” ते म्हणाले. “नाव पण नाही. मी लपवलं ही माझी चूक. पण मालक, वास येतोय असं मी सांगितलं होतं. ते मला येतं.”

ताई डोळ्याला पदर लावून पुढे आली आणि काकांच्या हातातली पत्री घेतली. मला वाटलं, ती त्यांना बसवणार. पण तिनं स्वतःच्या ओळीवरची चकती खरवडायला घेतली. “मला पिळणी येत नाही. सात वर्षं भीत भीत लावतेय.” मग दुपारच्या पाळीतले दोघं आले. मग गाडीवाला. “अर्धवट लाल झालंच आहे तर पूर्ण करतो,” तो म्हणाला, आणि रडवेले लोक हसले.

मालक खुर्चीवरून उठून माझ्यापाशी आले. म्हणाले, “त्या सहीच्या कागदापेक्षा याच्यावर जास्त कळतंय. कोणाला काढायचं नाही. तो रंग काढा आधी.”

रंग काढायला दोन दिवस लागले. दवाखान्याला खरं काय झालं ते कळवलं, दुपटी आठवडाभर रोज तपासून पाठवली, आणि काम राहिलं. बाळंही बरी झाली. मी बेचाळीस लाल चकत्या अंगावर मिरवत होतो, आणि सोमवारी भोंगा झाला, यंत्रं सुरू झाली, तेव्हा असा किणकिणलो म्हणता! सात वर्षांचं साठलं होतं. बाईंनी स्वतःचं नाव तळाला लिहून घेतलं, साती घरं लाल. मुकादमांनी चार दिवस तसेच काढले. पाचव्या दिवशी आले, सगळ्यात वर, काकांच्या नावावरच्या रिकाम्या पट्टीत स्वतःचं नाव लिहिलं, धुलाईच्या रकान्यात आकडा ठोकून लाल चकती अडकवली आणि कोणाकडे न बघता निघून गेले. त्या दिवसापासून लोक त्यांचं जरा जास्त ऐकायला लागले, हे त्यांना अजून समजलेलं नाही.

बाईंनी माझ्यावर आठवा रकाना आखला: वाचन. त्यात पहिली लाल चकती काकांची, आणि दुसरी, कोणी विचारही केला नव्हता, इस्त्रीवाल्याची. जेवणाच्या सुट्टीत ताई डबा बाजूला सारून त्यांना शिकवते. पुस्तक नाही काही, कपड्यांना शिवलेल्या पट्ट्या असतात ना दवाखान्याच्या, त्याच. “मी काही मोठी मास्तरीण नाही हं काका, सातवीत सुटली शाळा,” ती म्हणते. काका म्हणतात, “मग तू सहावीपर्यंतचं शिकव.”

मित्रांनो, माझं वय झालंय. लाकूड तडकलंय, एक खिळा तर कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून घाईघाईनं एक मागणं मागतो. तुमच्या घरी, वर्गात, पुढे कामाच्या जागी कोणाला ‘येतं ना?’ असं विचारून पुढे पळू नका. येत नाही म्हणायला जीव किती घाबरतो, ते मी जवळून बघितलंय. थोडा वेळ शेजारी उभे राहा. आधी तुमचं लाल दाखवा. आणि काहीही करा, पण दोन्ही बाजू हिरव्या रंगवू नका.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. काका आले. सवयीनं बोट चौथ्या ओळीकडे गेलं, एक, दोन, तीन... आणि मधेच थांबलं. ते वाकले. डोळे बारीक केले. बोट एकेका नावावरून वर वर जाऊ लागलं, ओठ हलत होते, अक्षराला अक्षर जोडत होते. मुकादमांच्या नावाखाली बोट येऊन थबकलं. त्यांनी ते नाव एकदा वाचलं. खात्री पटेना म्हणून पुन्हा वाचलं.

“अगं ताई,” ते ओरडले, “हा मी आहे!”